परीक्षा शिबिराची

वैशाखाचे ऊन तापू लागले, वरच्या वर्गांच्या परीक्षा आटोपल्या आणि निकालाची वाट पाहण्याचे दिवस आले, की आपल्या जिल्ह्यात एका विशिष्ट प्रकारच्या शिबिरांना बहर येतो. कोणी त्यांना कार्यशाळा म्हणतात, कोणी मार्गदर्शन वर्ग म्हणतात. हायस्कुलातील मुलामुलींना कॉलेजसाठी तयार करणे हा त्यांचा उद्देश. तीन दिवस, पाच दिवस, क्वचित आठवडाभर मुले एकत्र राहतात, व्याख्याने ऐकतात, टिपणे घेतात, गाणी म्हणतात. अखेरच्या दिवशी समारोप होतो. दोन-तीन मुले व्यासपीठावर येऊन बोलतात, एखादीचा कंठ दाटून येतो, अध्यक्षांचेही डोळे पाणावतात. मग सर्वांना एकेक छापील कागद वाटण्यात येतो. 'शिबिर कसे वाटले?' या प्रश्नापुढे बहुतेक मुले 'उत्तम' या शब्दावर खूण करतात. ते कागद मोजून अहवाल तयार होतो, आणि अहवालाच्या पहिल्याच ओळीत शिबिर यशस्वी झाल्याचे नमूद केलेले असते.

आमचा प्रश्न इतकाच, की यशस्वी झाले म्हणजे नेमके काय झाले? हा प्रश्न कोणाच्या उत्साहावर पाणी ओतण्यासाठी विचारलेला नाही. आमच्यापैकी काहींनी अशा शिबिरांत शिकविले आहे, आणि समारोपाच्या टाळ्या आम्हांलाही गोड लागल्या आहेत. परंतु आष्टी, कारंजा किंवा समुद्रपूर तालुक्यातील एखाद्या खेड्यातून आलेली, घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढू पाहणारी मुलगी त्या शिबिराला आपल्या सुटीचे पाच दिवस देते. त्या पाच दिवसांत ती मजुरीला गेली असती, आईच्या हाताखाली राबली असती किंवा प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करीत बसली असती. तिच्या घराने तेवढी झीज सोसलेली असते. तिला त्या बदल्यात काय मिळाले, हे पाहण्याचे ऋण शिबिर भरविणाऱ्यांवर आणि त्याला वर्गणी देणाऱ्या आपणा नागरिकांवर आहे.

परीक्षा कोणाची घ्यावयाची, मुलांची की शाळेची, हा प्रश्न आपल्या गावाला नवा नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यास मारवाडी विद्यालयात, म्हणजे पुढे नवभारत विद्यालय म्हणून ओळखल्या गेलेल्या शाळेत, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिने डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. विनोबा, काकासाहेब कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, कुमारप्पा, के. टी. शहा, ख्वाजा गुलाम सय्यदैन, आर्यनायकम् आणि आशादेवी अशी मंडळी तीत होती. त्याच वर्षीच्या डिसेंबरच्या आरंभी समितीने आपले प्रतिवृत्त सादर केले. 'वर्धा योजना' म्हटली की लोकांना टकळी आठवते, आणि तेथेच त्यांची आठवण थांबते. परंतु त्या प्रतिवृत्तात परीक्षांविषयीही एक छोटेसे प्रकरण आहे. प्रचलित परीक्षापद्धतीवर समितीने अतिशय कडक शब्दांत टीका केली. ती अपुरी, बेभरवशाची आणि लहरी आहे असा निर्वाळा दिला. मग शाळेत काय चालले आहे हे कळावे कसे? समितीचे उत्तर असे, की ठरावीक टापूतल्या शाळांमधून मुलांचे काही निवडक गट घ्यावेत, निरीक्षकांनी त्यांची गती मोजावी, आणि त्यावरून शाळांच्या कामाची तपासणी व्हावी. एकेका मुलाला पास-नापास ठरवीत बसू नये. नमुन्यादाखल थोड्यांची मोजणी करून सर्वांच्या कामाचा अंदाज घेण्याची ही रीत आज शिक्षणखात्यांत सर्रास चालते. तिचा पुरस्कार या गावी १९३७ साली झाला होता, याचे आम्हांला नेहमी कौतुक वाटते.

आमच्या विषयापुरता त्यातून एवढा धागा घ्यावयाचा, की शिबिराच्या शेवटी जी काही चाचणी होईल ती शिबिराची परीक्षा आहे, मुलांची नव्हे. चाचणीत मुले कमी पडली, तर नापास झाले ते शिबिर. हे एकदा मनाशी पक्के केले म्हणजे पुढचे बरेच प्रश्न सोपे होतात. मुख्य म्हणजे मुलांना भय राहत नाही, आणि ती खरे सांगतात.

आता कॉलेजसाठी 'तयार' म्हणजे काय? जे तयार करावयाचे तेच ठाऊक नसेल, तर मोजावयाचे काय? शिबिरांच्या पत्रिकांत 'आत्मविश्वास', 'व्यक्तिमत्त्वविकास', 'ध्येयनिश्चिती' असे भारदस्त शब्द असतात. ते शब्द वाईट नाहीत, परंतु त्यांना मापाची पट्टी लागत नाही. आम्ही अधिक साधी फोड करतो. पहिली तयारी अभ्यासाची. मराठी माध्यमातून दहावी झालेला मुलगा अकरावी विज्ञानाच्या वर्गात बसतो, तेव्हा 'त्वरण' आणि 'संयुजा' हे शब्द जाणणाऱ्या त्या मुलाला समोरचे इंग्रजी पुस्तक परके होते. विषय त्याला येत असतो, परंतु त्या विषयाचे कपडे बदललेले असतात. इंग्रजी पुस्तकाचे पान वाचून त्याचा आशय मराठीत चार ओळींत लिहिता येतो का, ही त्याची साधी चाचणी होऊ शकेल. दुसरी तयारी मनाची. वर्गात आपल्याला समजले नाही हे हात वर करून सांगण्याची, वसतिगृहात अनोळखी मुलांत राहण्याची, पहिल्या चाचणीत मार्क कमी पडले तर गाठोडे बांधून घरी न परतण्याची.

तिसरी तयारी कागदांची, आणि तिच्याविषयी आम्हांला थोडे विस्ताराने बोलले पाहिजे, कारण व्याख्यात्यांना ती क्षुद्र वाटते.

व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर प्रवेश घ्यावयाचा तर नुसते जातीचे प्रमाणपत्र पुरत नाही. जिल्ह्याच्या पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते, आणि त्यासाठी वडिलांचे, आजोबांचे, कधी त्याही मागचे पुरावे शोधावे लागतात. इतर मागासवर्गीय मुलांना नॉन-क्रिमीलेयरचा दाखला हवा. उत्पन्नाचा दाखला तहसील कचेरीतून, तोही चालू वर्षाचा. अधिवासाचा दाखला वेगळा. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर, आणि ती रक्कम जमा व्हावयाची तर बँकेचे खाते आधारशी जोडलेले पाहिजे. एवढे सगळे जमले तरी शाळेच्या दाखल्यावर नाव 'रामराव', आधारवर 'रामरावजी' आणि बँकेत नुसते 'राम' असेल, तर सारे गाडे तेथेच रुतते. २०२५ पासून अकरावीचे प्रवेशही सबंध महाराष्ट्रात एकाच ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले, तेव्हा पसंतीक्रम भरण्याची विद्या आता पदवीपुरती राहिलेली नसून दहावीच्या मुलालाही हवी झाली आहे. २०२४ साली राज्य सरकारने ठरावीक उत्पन्नमर्यादेतील आणि ठरावीक प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क पूर्ण माफ केले. सवलत मोठी आहे, पण ती पदरात पडण्यासाठीही कागदच लागतात.

अशाच एका शिबिराच्या वेळी एक वडील आपल्या मुलीला घ्यावयास आले होते. ते आम्हांला म्हणाले, "सर, पोरगी शिकाले तयार आहे जी, पन कोनते कागदं लागते थे कोनी सांगतलंच नाई." त्या शिबिरात ध्येयनिश्चितीवर दोन तास झाले होते, कागदांवर वीस मिनिटे. वेळापत्रक आखणाऱ्यांत आम्हीही होतो.

ही गोष्ट केवळ आमच्या अनुभवाची नाही. तिला चांगला पुरावा आहे, आणि तो परदेशातून आला आहे. अमेरिकेत कॉलेजला सरकारी आर्थिक साहाय्य मिळविण्यासाठी एक लांबलचक अर्ज भरावा लागतो. तो किचकट म्हणून अनेक गरीब कुटुंबे त्याच्या वाटेलाच जात नाहीत. २००८ च्या सुमारास काही अर्थशास्त्रज्ञांनी ओहायो राज्यात आणि नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट शहराच्या परिसरात एक प्रयोग केला. प्राप्तिकराचे विवरण भरून देणाऱ्या एका कंपनीच्या कार्यालयांत आलेल्या कुटुंबांचे त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले. एका गटाला तेथल्या तेथे अर्ज भरून देण्यात आला. कराच्या कागदांत बरीच माहिती आधीच असल्यामुळे त्याला काही मिनिटेच लागली. दुसऱ्या गटाला किती साहाय्य मिळू शकेल याचा हिशेब सांगितला आणि अर्ज करा असा आग्रह केला, पण अर्ज भरून दिला नाही. तिसऱ्या गटाला यांपैकी काही विशेष दिले नाही. या प्रयोगाचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. ज्यांचा अर्ज भरून दिला होता त्या घरांतील हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांपैकी कॉलेजची दोन वर्षे पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण २८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेले. ज्यांना नुसती माहिती आणि उत्तेजन मिळाले, त्यांच्यात काहीही फरक पडला नाही.

वाचकांनी या शेवटच्या वाक्यापाशी क्षणभर थांबावे. आपली बहुतेक शिबिरे माहिती आणि उत्तेजन याच दोन गोष्टी देतात. अमेरिकेतले जसेच्या तसे वर्ध्यास लागू पडते असे आम्ही म्हणत नाही. तेथला अर्ज निराळा, येथली तहसील कचेरी निराळी. पण शिबिरातून मूल घरी जाताना 'मला कळले' असे म्हणत जाते की 'माझा अर्ज झाला' असे म्हणत जाते, यातले अंतर किती मोठे असू शकते याचा अंदाज त्यावरून येतो.

आता अभिप्रायाच्या त्या कागदाकडे वळू. डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन अध्यापकाने १९५९ साली प्रशिक्षणवर्गांच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या सांगितल्या. शिकणाऱ्याला वर्ग कसा वाटला ही पहिली, तो काय शिकला ही दुसरी, शिकलेले तो वागण्यात उतरवितो का ही तिसरी, आणि त्या वागण्याने शेवटी काय साधले ही चौथी. ही मांडणी कारखान्यांतील आणि कचेऱ्यांतील कामगारांसाठी होती, पण आपल्या कामाची आहे. आपले मूल्यमापन पहिल्या पायरीवर बसते आणि चौथ्या पायरीवरचा दाखला देऊन मोकळे होते.

पहिल्या पायरीवर किती विसंबावे, याविषयी एक जुना आणि फार गंभीर दाखला आहे. बॉस्टन शहराजवळच्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावी १९३९ साली, मुले वाईट मार्गाला लागू नयेत म्हणून एक मोठा उपक्रम सुरू झाला. ५०६ मुले घेतली, त्यांच्या सारख्यास सारख्या अशा जोड्या लावल्या, आणि नाणे उडवून प्रत्येक जोडीतील एकाला उपक्रमात घेतले, दुसऱ्याला घेतले नाही. घेतलेल्यांना कित्येक वर्षे सल्लागार भेटत राहिले. शिकवणी, औषधपाणी, उन्हाळी शिबिरे असे सर्व काही मिळाले. तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड या संशोधिकेने त्या मुलांचा, म्हणजे आता मध्यमवयीन झालेल्या पुरुषांचा, माग काढला आणि १९७८ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. उत्तरे देणाऱ्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश लोकांनी उपक्रमाचा आपल्याला लाभच झाला असे सांगितले. परंतु न्यायालयांची आणि इस्पितळांची दप्तरे जोड्यांनी ताडून पाहिली, तेव्हा लाभ कोठेच दिसेना. उलट पुन्हा गुन्हा करणे, दारूचे व्यसन, अकाली मृत्यू अशा काही बाबतींत उपक्रमातील मुलेच अधिक वाईट ठरली. पुढच्या विश्लेषणात असे आढळले, की ज्यांना उन्हाळी शिबिरांना एकाहून अधिक वेळा धाडले होते, त्यांच्यात हानी विशेष होती.

आपल्या शिबिरांनी मुलांचे असे काही वाटोळे होते, असे सुचविण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. तेथली मुले निराळी, हेतू निराळा. पण कृतज्ञता आणि लाभ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यावरून दिसते. ज्याने आपल्याला जेवू घातले, ज्याने आपले नाव लक्षात ठेवले, त्याच्या शिबिराला आपल्याकडचे कोणते मूल 'बरे नव्हते' असे लिहून देईल?

मग निदान दुसरी पायरी तरी गाठू, म्हणून काही ठिकाणी शिबिराच्या आधी आणि नंतर एकच प्रश्नावली देतात. हे अधिक चांगले आहे, तरी त्यात दोन खाचखळगे आहेत. एक असा, की प्रश्न मुलाच्या स्वतःविषयीच्या मताचा असला तर उत्तर उलटे येऊ शकते. 'प्रवेशप्रक्रिया मला कितपत माहीत आहे?' या प्रश्नाला पहिल्या दिवशी मुलगा पाचांपैकी चार गुण देतो, कारण त्याच्या मते प्रवेशप्रक्रिया म्हणजे गुणपत्रिका घेऊन कॉलेजात जाणे. तीन दिवसांनी वैधता प्रमाणपत्र, पसंतीक्रम, फेऱ्या हे सारे ऐकून तो स्वतःला तीन गुण देतो. कागदावर शिबिराने त्याचे ज्ञान घटविले असे दिसते. वास्तविक त्याला आपले अज्ञान आता कळले, आणि तेच शिबिराचे यश. म्हणून मत विचारू नये, काम द्यावे. एक काल्पनिक विद्यार्थिनी घ्यावी, तिचे गाव, प्रवर्ग, घरचे उत्पन्न आणि हवा असलेला अभ्यासक्रम सांगावा, आणि तिला कोणते दाखले कोठून व कधीपर्यंत काढावे लागतील हे लिहावयास सांगावे. पहिल्या दिवशी दोन बरोबर आले आणि शेवटच्या दिवशी सहा आले, तर शिबिराने काही शिकविले हे आम्ही मान्य करू.

दुसरा खळगा अधिक खोल आहे. एप्रिलमधले मूल आणि जुलैमधले मूल यांत जो फरक पडतो, तो सगळाच शिबिराचा नसतो. मध्ये निकाल लागतो, मोठी भावंडे सांगतात, शेजारी सांगतात, शाळेतले सर सांगतात. शिबिर झाले नसते तरी त्यातले किती कळले असते? हे जाणण्याचा मार्ग एकच, शिबिराला न आलेल्या तशाच मुलांकडे पाहणे. आणि 'तशाच' या शब्दातच सारी मेख आहे. शिबिराला आपणहून नाव देणारी मुले मुळातच हौशी असतात. बहुधा त्यांच्या शिक्षकांनी ती हुशार म्हणून निवडून पाठविलेली असतात. ती पुढे कॉलेजात गेली तर त्याचे श्रेय शिबिराला का द्यावे? ती गेलीच असती.

अमेरिकेत 'अपवर्ड बाउंड' नावाचा, १९६५ साली सुरू झालेला, गरीब घरच्या हायस्कूल विद्यार्थ्यांना कॉलेजसाठी तयार करणारा मोठा सरकारी उपक्रम आहे. १९९० नंतरच्या दशकात त्याचे चिठ्ठ्या टाकून मूल्यमापन झाले. सरासरीने पाहता कॉलेजात जाणाऱ्यांच्या प्रमाणात लक्षणीय वाढ दिसली नाही, पण ज्या मुलांना आरंभी आपण पदवीपर्यंत जाऊ अशी आशाच नव्हती त्यांच्यात बराच फरक दिसला. या निष्कर्षांवर पुढे तज्ज्ञांत वाद झाला आणि तो पुरता मिटलेला नाही. तरी आम्हांला त्यातून एक गोष्ट घेण्याजोगी वाटते. शाळेने पाठविलेल्या यादीतली पहिल्या दहांतली मुले घेण्यापेक्षा, 'मी काही कॉलेजात जाणार नाही' असे म्हणणारी, पण जाण्याजोगी असलेली मुले घेतली, तर शिबिराचे काम अवघड होईल, समारोप तितका रंगणार नाही, आणि उपयोग मात्र अधिक होईल.

तुलनेचा प्रश्न सोडविण्याचा प्रामाणिक उपाय म्हणजे चिठ्ठ्या. समजा चाळीस जागा आहेत आणि नावे ऐंशी आली. तेव्हा कोणाला तरी परत पाठवावेच लागते. आज ते काम मार्कांवर किंवा ओळखीवर होते. त्याऐवजी सर्वांसमक्ष चिठ्ठ्या टाकाव्यात. राहिलेल्या चाळिसांना कागदांची छापील यादी द्यावी आणि पुढच्या वर्षी पहिला हक्क द्यावा. यात कोणावर अन्याय होत नाही. उलट वशिल्याचा आरोप टळतो. आणि आपल्या हाती दोन असे गट येतात, की ज्यांच्यात शिबिराखेरीज दुसरा भेद असण्याचे कारण नाही. अर्थात नावे चाळीसच आली तर चिठ्ठ्या कशाच्या टाकणार? मग शेजारच्या तशाच गावातल्या, तशाच शाळेतल्या मुलांशी तुलना करावी, आणि ती लंगडी आहे हे अहवालात स्पष्ट लिहावे.

एवढे करूनही आकड्यांनी हुरळून जाण्याचे कारण नाही. समजा शिबिरातल्या चाळिसांपैकी २६ मुले कॉलेजात टिकली आणि दुसऱ्या चाळिसांपैकी २१. पाचांचा फरक! वार्षिक सभेत टाळ्या पडतील. पण घरी बसून चाळीस नाणी एकदा उडवा व छाप मोजा, मग तीच नाणी पुन्हा उडवून मोजा. दोन वेळच्या छापांत पाच किंवा त्याहून अधिक अंतर साधारणपणे तीनांतून एका वेळी पडते, आणि नाण्यांना तर कोणी शिबिराला नेलेले नसते. हेच शिबिर तीन वर्षे त्याच रीतीने चालविले, दोन्ही गटांत मिळून प्रत्येकी १२० मुले झाली, आणि तेच प्रमाण टिकून फरक पंधरांचा झाला, तर मात्र गोष्ट वेगळी. तसे अंतर नुसत्या योगायोगाने पंधरा-सोळा वेळांतून एकदाच पडावयाचे. एका उन्हाळ्याच्या बळावर निर्णय देऊ नये, असे आम्ही म्हणतो ते याचसाठी.

राहता राहिला तो पाठलाग, आणि मूल्यमापन बुडते ते बहुधा येथेच. मुलांचे फोन बदलतात. ज्यांचा पत्ता लागतो ती कॉलेजात असलेली मुले. ज्यांचा लागत नाही ती पुष्कळदा कापसाच्या शेतात, हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये, पुण्याच्या एखाद्या कारखान्यात किंवा सासरी असतात. जेवढी सापडली तेवढ्यांचीच टक्केवारी काढली, की ती नेहमीच गोड येते. तेव्हा न सापडलेल्या मुलाची नोंद 'माहिती नाही' अशी ठेवून त्याला एकूण संख्येत धरलेच पाहिजे. शिवाय प्रवेश घेतला एवढ्यावर थांबू नये. ग्रामीण मुलींना शाळेत जाण्यासाठी एसटीचा मोफत पास बारावीपर्यंत मिळतो. पदवीच्या वर्गात गेल्यावर सवलतीच्या पासाचेही पैसे पडतात, आणि पहिल्या वर्षाच्या दिवाळीनंतर एखादी मुलगी येईनाशी होते. तिचे नाव जुलैच्या यादीत असते, फेब्रुवारीच्या नसते. खरी मोजणी दुसऱ्या वर्षाच्या वर्गात बसून करावयाची.

येथे एक सावधगिरी सुचवावीशी वाटते. कॉलेजात न गेलेले प्रत्येक मूल म्हणजे शिबिराचे अपयश, असे धरू नये. सर्व माहिती घेऊन, विचार करून एखाद्या मुलाने आयटीआयमध्ये वीजतंत्रीचा अभ्यासक्रम घेतला, तर ज्या गावी हातच्या कामाला शिक्षणाच्या गाभ्यात जागा देण्याचा विचार मांडला गेला, त्या गावाने तरी त्याला वाया गेलेला म्हणू नये. माहिती नसल्यामुळे गेला नाही आणि माहिती असून गेला नाही, या दोन रकाने वेगळे ठेवावेत.

आणि तयारी नेहमी मुलांचीच का तपासावयाची? सेवाग्रामने सुरू केलेल्या नयी तालीमच्या वाटेवर पुढे उत्तर-बुनियादी शाळा निघाल्या, तेव्हा त्यांतून बाहेर पडणाऱ्या मुलांच्या प्रमाणपत्राला विद्यापीठांनी मान्यता द्यावी की नाही हा देशभर वादाचा विषय होऊन बसला होता. मुले तयार असली तरी दार उघडणे दुसऱ्याच्या हाती असते. याच्या उलट उदाहरणही सेवाग्राममध्येच आहे. १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने तेथे निघालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत प्रवेश मिळालेली मुले पुस्तकांना हात लावण्यापूर्वी आश्रमात पंधरा दिवसांच्या शिबिराला राहतात. प्रार्थना, सूतकताई, सफाई आणि एकमेकांची ओळख यांत ते दिवस जातात. येथे मुलाने कॉलेजसाठी तयार व्हावे एवढीच अपेक्षा नसून कॉलेजही मुलाला आपलेसे करण्याचे काम अंगावर घेते. तंत्रशिक्षण परिषदेने २०१७ पासून आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ च्या 'दीक्षारंभ' मार्गदर्शिकेने देशभरच्या महाविद्यालयांना प्रवेशानंतरचे असे परिचयसत्र घ्यावयास सांगितले आहे. तेव्हा आमच्या शिबिरातली मुले ज्या महाविद्यालयांत गेली, तेथे त्यांना पहिल्या महिन्यात कोणी नावाने हाक मारली का, हाही प्रश्न आमच्या वहीत असावा.

वही हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. या सर्वांना मोठे कार्यालय किंवा संशोधक लागत नाहीत; एक दोनशे पानी वही, एक चिकाटीची व्यक्ती आणि थोडा एसटीचा खर्च लागतो. शिबिराच्या आधी प्रत्येक मुलाचे एक पान करावे. त्यावर त्याचे नाव, दोन घरांचे फोन, एक त्याचे आणि एक मामाचे किंवा शेजाऱ्याचे, कारण मामाचा क्रमांक सहसा बदलत नाही. खाली दाखल्यांची यादी आणि प्रत्येकापुढे तारखेची जागा. शिबिराच्या अखेरच्या दिवशी व्याख्यान ठेवू नये. त्या दिवशी सेतू केंद्राचा माणूस बोलवावा आणि मुलांचे अर्ज तेथल्या तेथे भरावेत. मग जुलैत एक फोन, दिवाळीनंतर एक, फेब्रुवारीत एक, आणि पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये एक. चिठ्ठीत न आलेल्या चाळिसांचीही अशीच पाने असावीत, आणि फोन करणाऱ्याने कोणते पान कोणत्या गटाचे हे शक्यतो पाहू नये, म्हणजे त्याचा आवाज एका गटाशी गोड आणि दुसऱ्याशी कोरडा होणार नाही.

या वर्षीच्या शिबिराची पाने आम्ही आखावयास घेतली आहेत. दाखल्यांच्या यादीत शेवटचा रकाना 'नावात फरक' असा ठेवला आहे. तो भरण्यासाठी मुलांनी पहिल्या दिवशी आधार, शाळेचा दाखला आणि बँकेचे पासबुक अशी तिन्ही सोबत आणावीत, असे निमंत्रणपत्रिकेवरच छापले आहे.